गेमसिंगची उडी

दसरा उलटला, की नवा कापूस निघाल्याची बातमी यवतमाळात सगळ्यांत आधी माझ्या नाकाला लागते. गावाबाहेर बैलबंड्यांच्या रांगा उभ्या राहतात. उंच रचलेला कापूस वाटेवर सांडत सांडत जीनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे येतो, आणि दुपारपर्यंत हवेत इतके तंतू होतात की चहाच्या कपावर बशी उपडी घालावी लागते. मग माझ्या शिंका सुरू होतात. बायको म्हणते, "अर्धी हयात जीनात काढली, अन् अजून सवय नाही झाली तुम्हाले?" नाही झाली. सवय लागण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून मठ्ठच. डॉक्टरांना मी धुळीचं कारण सांगतो आणि ते पुड्या बांधून देतात. पण या दिवसांत मला जे होतं ते पुडीने जाणारं नाही. महाराष्ट्र झाला त्या वर्षीचा कापसाचा हंगाम आठवतो, गेमसिंग आठवतो, आणि मग दिवसभर कोणाशी धड बोलावंसं वाटत नाही.

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. कंपनी तीच आहे, मीही तोच, टाइमकीपर वामनबाबू. भोंगा झाला की खिडकीत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी टिपायची. खिडकीसमोर सिमेंटची लांबरुंद फरशी आहे, दमट कापूस वाळवायची. आज तिच्यावर ढीग पडलेत आणि ढिगांच्या उबेला कुत्री झोपलीत. या फरशीवर आम्ही बास्केटबॉल खेळत होतो, असं नव्या कारकुनाला सांगितलं तर तो मान हलवून हो म्हणतो आणि विश्वास ठेवत नाही. त्याचा काही दोष नाही. यवतमाळात कुस्ती होती, हुतूतू होता, शाळांतून थोडाफार फुटबॉल होता. बास्केटबॉल कुठून आला म्हणायचा?

तो आणला छोट्या मालकांनी. शेटजींचा हा मुलगा शिकायला मुंबईला होता. पदवी मिळाली की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही, पण परत येताना तो एक चेंडू आणि एक हौस घेऊन आला. त्याने फरशीच्या दोन टोकांना लोखंडी खांब रोवले, सागवानी फळ्या ठोकल्या, आणि लोहाराकडून बंडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून दोन रिंगा वळवून घेतल्या. मग गावातली उंच माणसं गोळा केली. उंची हीच पात्रता. मी एका वकिलाकडे कागद उतरवून काढत होतो, मला टाइमकीपर केलं. किसना ठाकरे सायकलींचे पंक्चर काढायचा, तो फिटर झाला. असे सात जण जमले. कागदावर आम्ही कंपनीचे नोकर होतो, पण घेतलं होतं खेळण्यासाठी. पगारी खेळाडू साऱ्या जिल्ह्यात आम्हीच. आमचा रुबाब विचारू नका. आमचा खेळ तर मुळीच विचारू नका.

आम्ही हरायचो. वर्ध्याला हरलो, अकोल्याला हरलो, घरच्या फरशीवर तर हमखास हरलो. एक अडचण अशी की सगळ्या स्पर्धा थंडीत, आणि कापूसही थंडीतच. पहाटे उठून फरशी झाडायची, पहिली बंडी फाटकात शिरेपर्यंत खेळायचं, आणि बंडी आली की खांबांमधली सगळी जागा कापसाला सोडून द्यायची. कितीही झाडलं तरी फटींमध्ये सरकीचे दाणे राहायचेच. त्यावरून पाय सटकला की माणूस थेट बुडावर. माझ्या कमरेतली एक कळ त्या फरशीची आहे.

दुसरी अडचण आम्हाला अडचण वाटतच नव्हती. कंपनीत एक रीत पडून गेली होती, की खेळाडूला बसतं काम द्यायचं. पाय जपले पाहिजेत, असं छोटे मालक म्हणायचे, आणि आम्हाला ते फार पटायचं. मी खिडकीत बसायचो. किसना सावलीत बसून यंत्रांचे पट्टे शिवायचा. एक जण वजनकाट्यापाशी बसे, एक जण गोदामाच्या दाराशी. आठ-आठ तास पाय जपून आम्ही खेळायला उठायचो तेव्हा गुडघे कडाकडा वाजायचे. तरी आमच्या टाळक्यात काही प्रकाश पडला नाही.

गेमसिंग आम्हाला सापडला तोही आमच्या नालायकीमुळेच. एका सकाळी किसनाने मारलेला चेंडू रिंग आणि फळी यांच्यामध्ये जाऊन अडकला. आम्ही खालून चपला फेकल्या, बांबू शोधायला माणूस पाठवला. तेवढ्यात गाठी बांधायच्या प्रेसच्या खोलीतून एक उंच, काळासावळा पोरगा बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत रुईने पांढरा झालेला, भुवयासुद्धा पांढऱ्या. तो फरशीवरून नळाकडे निघाला होता. जाता जाता त्याने वर पाहिलं, जागच्या जागी उडी मारली, आणि चेंडू टपकन खाली पाडला. अनवाणी पायांनी. नंतर आम्हा सगळ्यांची तोंडं बघून तो घाबरला.

"चुकी झाली बाबू," तो मला म्हणाला, "हात लागला."

"परत मार," मी म्हणालो.

"काय?"

"उडी. परत मार."

त्याने परत मारली. या खेपेला त्याचं मनगट रिंगेच्या वर गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. किसना चक्क खाली बसला आणि म्हणाला, "अरे बाप्पा! हा तं उडून राह्यला!"

तो फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचा. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. आता तांडा एका जागी बसला होता, थोडी कोरडवाहू जमीन होती, आणि पेरणी-निंदणी आटोपली की माणसं हंगामासाठी जीनात यायची. गेमसिंग आणि त्याचा थोरला भाऊ रूपसिंग हे दोघे प्रेसमध्ये रुई तुडवायला होते. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रेसच्या खोलीत एक खोल लाकडी पेटी असते. वरून तिच्यात मोकळी रुई टाकत राहतात आणि आत उतरलेले दोघे जण ती पायांनी तुडवून घट्ट करतात. मग यंत्र तिला दाबून गाठ बांधतं. वर एक दोर टांगलेला असतो, तो धरून दोघांनी एका ठेक्यात उड्या मारायच्या. रुई पायाखाली खचते, पाय मांडीपर्यंत बुडतो, तो उपसून पुन्हा उडी. असं दिवसभर. दोघांचा ठेका जमला पाहिजे, नाही तर एक बाजू पोकळ राहते आणि गाठ तिरकी निघते. म्हणून तुडवणारे जोडीने कामाला लागतात आणि जोडीनेच राहतात. या दोघा भावांची गाठ कधी तिरकी निघाली नव्हती. ते आपल्या बोलीतलं काहीतरी गुणगुणत तुडवायचे. रूपसिंग सुरुवात करायचा आणि गेमसिंग शेवट उचलायचा.

पंधरा दिवसांत तो खेळ शिकला. शिकवायला आम्हीच होतो, तरीही शिकला. दिवाळीआधी अकोल्याचा एक संघ आमच्याकडे मैत्रीचा सामना खेळायला आला. तो सामना मला अजून चेंडूगणिक आठवतो. फळीवर आपटून परत आलेला प्रत्येक चेंडू गेमसिंगच्या हातात. समोरचे दोघे-दोघे त्याला धरायला उभे राहत, आणि तो त्यांच्या डोक्यांवरून चेंडू काढून घेई. बंडीवाले बैल सोडून फरशीच्या कडेला जमले. प्रेसवरची माणसं आली, सरकी वेचणाऱ्या बाया आल्या. रूपसिंग पेटीतून निघून तसाच पांढराफटक उभा होता आणि आपल्या बोलीत भावाला हाक मारून ओरडत होता, "हाण भिया! हाण!" आम्ही दोनच गुणांनी हरलो, आणि तेही माझ्यामुळे. शेवटचा सोपा चेंडू मी रिंगेवर मारला होता. पण हरूनही आम्ही त्या दिवशी एकमेकांना मिठ्या मारत होतो. अशी हार आम्हाला नवीन होती.

दुसऱ्या दिवशी छोट्या मालकांनी मला बोलावलं. ते खुशीत दिसत नव्हते.

"वामनराव, वडील ऐकायला तयार नाहीत," ते म्हणाले. "शिवरात्रीला अमरावतीची स्पर्धा आहे ना? तिथे एक सामना जिंका. एक! नाही तर खांब काढून टाकतो, असं सांगितलंय त्यांनी. संघही बंद. आणि संघासाठी ज्यांना शेवटी घेतलं ते सगळ्यांत आधी घरी."

अमरावतीच्या स्पर्धेला एक अट होती. कंपनीच्या संघात फक्त कायम नोकर खेळू शकत, हंगामी माणूस चालत नसे. गेमसिंग हंगामी होता. मी म्हणालो, "मग त्याला कायम करा." ही सूचना माझी. मालक तयार झाले. काम काय द्यायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा फाटकावरची पहारेकऱ्याची जागा रिकामी आहे, हेही मीच सांगितलं. "स्टुलावर बसायचं काम आहे," मी म्हणालो, "पाय मोकळे राहतील पोराचे." इतकं ठासून सांगितलं, की आठवलं तरी कानशिलं तापतात.

कायम! त्या शब्दाचं वजन जीनात काम केल्याशिवाय कळत नाही. हंगामी माणूस होळीला घरी जातो आणि पुढच्या दसऱ्याला मुकादमाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. कायम माणूस पावसाळ्यातही भोंग्याला येतो. त्यांच्या तांड्यावरचं कोणी आजवर कायम झालं नव्हतं. आठवड्याभरात त्यांची आई एस.टी. आणि मग पायी, अशी फाटकाशी येऊन पोचली. अंगावर आरसे लावलेली काचोळी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, फडक्यात भाकरी. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून स्टुलावरच्या मुलाकडे पाहत होती, जवळ यायलाच तयार नव्हती. गेमसिंग लाजून उठायला लागला तर तिने हातानेच खूण केली, की बस, बसून राहा. मी खिडकीतून ते पाहिलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आठ दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तो स्टुलावर नव्हता. मी शोधत प्रेसच्या खोलीत गेलो. तो पेटीत होता. रूपसिंगबरोबर दोर धरून, डोळे मिटून उड्या मारत होता.

"बाहेर ये!" मी ओरडलो. "तुले पाय मोडून घ्यायचे हायेत काय? कायले आला इथे?"

"बसून बसून पाय आंबून जातात बाबू," तो म्हणाला. "थोडं मोकळं करून राह्यलो."

"तू आता कायम आहेस. हे हंगामी लोकांचं काम. पुन्हा इथे दिसलास तर मालकाच्या कानावर घालीन."

तो निमूट वर आला. अंगावरची रुई झटकली आणि फाटकाकडे गेला. रूपसिंग पेटीतून माझ्याकडे बघत होता. गेमसिंग तसा सांगितलेलं ऐकणारा पोरगा होता. तो पुन्हा पेटीत कधीही उतरला नाही. त्याने एकदा तरी माझी आज्ञा मोडायला हवी होती, असं मला आता रोज वाटतं.

त्यानंतरचे दिवस आठवायला मला आवडत नाहीत आणि आठवल्यावाचून राहत नाहीत. थंडी पडली. फाटकापाशी ऊन सकाळी येई आणि दहापर्यंत निघून जाई; मग तो दिवसभर सावलीत, घोंगडी पांघरून, स्टुलावर बसलेला. आम्ही नागपूरला हरलो. वर्ध्याला हरलो. पुलगावच्या मैदानावर हरलो तेव्हा लोक हसले. सुरुवातीला वाटलं, समोरच्या संघांना त्याची युक्ती कळली. मग वाटलं, जेवण कमी पडतंय. मी घरून डबे नेले. किसनाने त्याच्या पोटऱ्यांना तिळाचं तेल चोळलं. संक्रांतीपर्यंत चेंडू आणि त्याची बोटं यांच्यात एक वीतभर अंतर राहायला लागलं. उडी तो तशीच मारायचा, तोंड तसंच वर करायचा, फक्त तिथपर्यंत पोचायचा नाही. खाली उतरल्यावर स्वतःच्या पायांकडे बघायचा. विश्रांती कमी पडत असेल म्हणून मी त्याचं सकाळचं धावणंही बंद केलं. माणूस शहाणपणाच्या नादात किती मूर्ख होऊ शकतो, याला काही हद्दच नाही.

त्याच सुमारास प्रेसमध्ये गाठी तिरक्या निघायला लागल्या. रूपसिंगचा आधीचा बदली जोडीदार संक्रांतीला गावी गेला होता; नंतर जोडीला दिलेला माणूस आर्णीकडचा, चांगला धट्टाकट्टा, पण ठेका निराळा. मुकादमाने तीन-चार दिवस शिव्या घातल्या आणि मग फुलसावंगीकडचीच दुसरी जमलेली जोडी पेटीत उतरवली. रूपसिंगचं काम गेलं. तो माझ्या खिडकीशी आला. राजूरला कोळशाच्या खाणीत भरती आहे, तिकडे निघालो, म्हणाला.

"बाबू, एक गोष्ट सांगू काय? रागावजा नोका."

"सांग."

"गेमाची उडी पेटीतली होती. रुईतून पाय उपसू उपसू आलती ती. तुमी त्याले बसवून ठेवलं."

तो फार साधं बोलला होता. आमच्या सात जणांच्या गुडघ्यांचा आवाज मी चार वर्षं ऐकत होतो, आणि जे पेटीत उतरणाऱ्या माणसाला दिसलं ते मला दिसलं नाही. "मग आधी काहून नाही सांगितलं?" मी कसाबसा म्हणालो.

"तुमी खेळाचे जाणते. अन् तो कायम झालता. आमाले वाटे, बोललो अन् ते बी गेलं तं?"

मी त्याच दिवशी मुकादमाकडे धावलो. गेमसिंगला दोन तास तरी पेटीत घे म्हणून हात जोडले. तो म्हणाला, "जमलेली जोडी मी तुमच्या चेंडूसाठी फोडू? अन् कायम माणूस पेटीत घालून हंगामी माणसाची रोजी तोडली तं माही माणसं कामावर येतील काय?" बरोबरच होतं त्याचं. मी गेमसिंगला फरशीवर दोरीच्या उड्या मारायला लावल्या, टेकडी चढायला लावली. शिवरात्रीला तीन आठवडे उरले होते. पण सिमेंट पायाखाली खचत नाही. आणि तो आता एकटाच होता. भाऊ गेल्यापासून त्याचं गुणगुणणंही बंद पडलं होतं. फाटकावर बसून तो राजूरच्या दिशेचा रस्ता बघायचा.

एकदा त्याने मला विचारलं, "बाबू, अमरावतीले हरलो तं माही जागा जाईन काय?" मी म्हणालो, "हरत नाही रे आपण." तो हसला. आम्ही हरतो हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक होतं.

अमरावतीला पहिलाच सामना. समोरचा संघ आमच्यासारखाच दरिद्री होता, देवाने दया केली म्हणावं असा. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. मग किसनाने लांबून चेंडू मारला, तो रिंगेवर आपटून सरळ वर उडाला, आणि खाली एकटा गेमसिंग होता. त्याने फक्त उडी मारायची, आणि चेंडू आत ढकलायचा. मी दहा पावलांवर उभा होतो. तो उडाला. चेंडू त्याच्या बोटांच्या वरून गेला, मागच्या माणसाच्या हाती पडला, आणि ते लोक पळत जाऊन आमच्या रिंगेत तो टाकून मोकळे झाले. शिट्टी झाली तेव्हा गेमसिंग रिंगेखालीच उभा होता, हात अजून वर. किसनाने जाऊन ते हात खाली केले.

परतीचा प्रवास मूर्तिजापूरहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने. ती इतकी हळू चालते, की माणूस उतरून बाजूने चालू शकतो. दुपारचं ऊन, दोन्हीकडे कापूस वेचून झालेल्या वाळक्या पराट्या, मधेमधे पळस फुललेला. गेमसिंगने आपले कॅनव्हासचे बूट काढले, रुमालाने पुसले, नाड्या आत खोचल्या आणि माझ्या बाकावर ठेवले. "कंपनीचे हायेत," तो म्हणाला. मी ते बूट मांडीवर घेऊन यवतमाळपर्यंत बसलो.

सोमवारी हुकूम आला. खांब त्याच दिवशी काढले. आम्ही जुने होतो, आमची कामं आम्हाला येत होती, म्हणून राहिलो. गेमसिंगचं नाव कायमच्या हजेरीपटावरून कापायचं होतं, आणि तो पट माझ्याच टेबलावर होता. मी छोट्या मालकांकडे गेलो, माझी जागा त्याला द्या, असं म्हणायला. जिना चढलो. दारापर्यंत गेलो. तिथे मला माझ्या दोन मुली आठवल्या, भाड्याची खोली आठवली, आणि मी पाणी पिऊन खाली आलो. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. टाक उचलला आणि रेघ मारली. गेमसिंग खिडकीबाहेर उभा होता. पेटीत जागा नव्हती, हंगामही सरत आला होता. "मंग भियाकडेच जातो," तो म्हणाला, आणि निघताना राम राम करायला विसरला नाही.

लोक म्हणतात, खेळात हार-जीत चालायचीच. हरणं मला कधी जड गेलं नाही, त्याचा आम्हाला सराव होता. पण एका माणसाला देवाने एक चीज दिली होती, आणि त्याच्या कष्टाने ती वाढवली होती. मी ते कष्ट काढून घेतले आणि चीज राहील असं धरून चाललो. वर भलं केलं म्हणून मिरवलोही. वाईट हेतूने केलं असतं तर निदान पश्चात्तापाला एक टोक असतं. हे असंच चघळत बसावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला राजूरला पाठवलं होतं. बॉयलरच्या कोळशाची वॅगन लांबली होती, तिची चौकशी करायची होती. खाणीच्या ऑफिसात कागद होईपर्यंत मी दारात उभा राहिलो. पाळी सुटली. खाणीच्या तोंडातून माणसं एकामागून एक बाहेर येत होती, सगळी एकसारखी काळी. एक जण रांग सोडून माझ्या दिशेने आला. मी ओळखला नाही. तो कमरेतून पुढे झुकून चालत होता, म्हाताऱ्या माणसासारखा.

"राम राम, वामनबाबू."

आवाज तोच होता. वय सव्वीस-सत्तावीसपेक्षा जास्त नसणार. त्याने किसनाची विचारपूस केली, माझ्या मुलींची केली. रूपसिंग इथेच आहे, दुसऱ्या पाळीला, असं सांगितलं. दोघांची लग्नं झाली होती. इतकी वर्षं जे घोकत होतो ते म्हणून टाकलं, "गेमसिंग, चुकी माही होती. तुले त्या स्टुलावर मी बसवलं."

"जाऊ द्या न बाबू," तो म्हणाला. "तुमी कोठं वाईट चिंतलं होतं." त्याने ते इतक्या सहज सोडून दिलं, की मला तिथे उभं राहवेना. त्याने शिवी दिली असती तर मी उपकार मानले असते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी खाणीकडे बोट दाखवलं. आतलं छत किती खाली असतं ते बाहेरूनही दिसत होतं. "इतक्या उंच माणसाला यांनी घेतलं तरी कसं?" मी विचारलं.

"नाईच घेत होते," तो हसत म्हणाला. काळ्या तोंडात दात पांढरे दिसले. "साहेब म्हणे, हा डोकं फोडून घेईन. दोन डाव वापस पाठवलं. तिसऱ्या डावाले मी म्हणलो, पाह्यजा साहेब, अन् त्याच्या पुढेच वाकून चालून दाखवलं. मंग घेतलं. हे पाहा, असं."

आणि जेवणाचा डबा खाली ठेवून, हात गुडघ्यांवर टेकून, तो तिथेच माझ्यापुढे वाकला.